बटण ज्याच्या हाती, त्याने उत्तर द्यावं

दुरुस्ती तीनच ओळींची होती. आमचा मुक्त स्रोत प्रकल्प, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता येतो असा, लहान: वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या तारखा वाचून त्या एका साच्यात आणणारी लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड), आणि कमिटचा, म्हणजे कोडमध्ये थेट बदल करण्याचा, हक्क असलेले पाच जण. लीप वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक जुनं फंक्शन आठवड्याचा क्रमांक चुकीचा सांगायचं. पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, पाठवणारी व्यक्ती नवी होती. तिने सोबत टेस्ट लिहिली होती, ती आधी फेल होते आणि पॅचनंतर पास होते हेही दाखवलं होतं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण मुद्दा स्वच्छ. आमच्यातल्या सर्वांत जुन्या मेंटेनरचं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचं, उत्तर वीस मिनिटांत आलं. "हे लिहिण्याआधी आमचा कोड वाचायची तसदी घेतली होती का? इथे बालवाडी चालत नाही." आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे पॅच घ्यावा ही विनंती, बंद.

ते मी वाचलं. बाकीच्या तिघांनीही वाचलं असणार, कारण सूचना सगळ्यांना जातात. कुणीच काही लिहिलं नाही. बिल्डची, म्हणजे कोडपासून वापरायची आवृत्ती तयार करण्याची, सगळी यंत्रणा त्या एका माणसाच्या डोक्यात होती, पुढच्या आठवड्यात रिलीज होतं, आणि 'त्याचं बोलणंच तसं आहे, मनाने वाईट नाही' हे वाक्य आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. आठ महिन्यांनी तोच बग आणखी कुणीतरी नोंदवला तेव्हा मी तो जुना पॅच शोधून काढला. बरोबर होता. मी तो जवळपास जसाच्या तसा घेतला, लेखक म्हणून मूळ नाव टाकलं, आणि त्या व्यक्तीला कळवायला गेलो, तर तिथलं खातंच बंद झालेलं होतं.

यात सौजन्याचा प्रश्न आहेच. पण या गोष्टीकडे मी जितक्या वेळा वळून पाहतो तितक्या वेळा मला दुसराच प्रश्न मोठा दिसतो. त्या निर्णयावर दाद मागायची असती तर कुणाकडे मागायची होती? पॅच नाकारणारा तो, नियम ठरवणारा तो, आणि तक्रार लिहिली असती तर ती वाचणाराही तोच. समावेशाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा स्वागताबद्दल बोलतो. 'नवख्यांचं स्वागत आहे' असं रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये लिहितो, सोप्या बगना वेगळं लेबल लावतो. ते जरूर करावं. पण मर्जचं, म्हणजे पॅच कोडमध्ये घेण्याचं, बटण ज्याच्या हाती आहे त्याला कुणी प्रश्नच विचारू शकत नसेल, तर ते स्वागत त्याच्या मर्जीवर टिकून असतं. मर्जी फिरली की ते संपलं.

हे असं का झालं याची मुळं आपल्या इतिहासात आहेत. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं, आणि तेव्हापासून या चळवळीने आपली बरीचशी बुद्धी परवान्यावर खर्च केली. ती सत्कारणी लागली. प्रोग्राम हव्या त्या कामासाठी चालवा, उघडून पाहा, बदला, वाटा: ही चार स्वातंत्र्यं इतक्या पक्क्या कायदेशीर भाषेत बांधली गेली की बलाढ्य कंपन्यांनाही त्यांच्यापुढे नमतं घ्यावं लागलं. डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाने १९९७ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतलं पाचवं कलम सांगतं की परवान्याने कुठल्याही व्यक्तीशी वा गटाशी भेदभाव करता कामा नये.

कलम परवान्याबद्दल आहे. कोड कुणी वापरावा याचं उत्तर ते देतं. कोड घडवणाऱ्यांत कुणाचं ऐकलं जावं हा त्याचा विषयच नाही. आपण मात्र वर्षानुवर्षं धरून चाललो की परवाना मुक्त म्हणजे समाजही मुक्तच, कोड सर्वांसमोर म्हणजे निर्णयही सर्वांसमोर. प्रत्यक्षात कुणाला कमिटचा हक्क द्यायचा, कुणाची तक्रार मनावर घ्यायची, कुणाला 'जरा समजावून सांगायचं', हे ठरतं खासगी चॅटमध्ये, दोन जुन्या मित्रांच्या बोलण्यात. त्याचा डिफ, म्हणजे काय बदललं याची नोंद, कुणाला दिसत नाही.

यावरचं नेहमीचं उत्तर म्हणजे इथे माणूस नाही, काम बोलतं. कोड चांगला असेल तर तो घेतला जाईल, लिहिणारा कोण, कुठला, कसा, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. हे वाक्य मला एकेकाळी फार आवडायचं. अजूनही त्यातला आदर्श मला खरा वाटतो. पण तो आपोआप अमलात येतो या समजाला आधार नाही. २०१६ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या पुल रिक्वेस्टचा एक मोठा अभ्यास पुढे आला. स्त्रियांनी पाठवलेले ७८.६ टक्के पॅच स्वीकारले गेले होते, पुरुषांचे ७४.६ टक्के. म्हणजे काम सरस होतं. पण पाठवणारी व्यक्ती त्या प्रकल्पाला अनोळखी असेल आणि प्रोफाइलवरून ती स्त्री आहे हे कळत असेल, तर हेच प्रमाण उलटं व्हायचं आणि पुरुष पुढे जायचे. कोड बोलत होता, पण ऐकणाऱ्याचं लक्ष आधी नावाकडे जात होतं.

त्यानंतरच्या वर्षी गिटहबनेच मुक्त स्रोत प्रकल्पांत काम करणाऱ्यांचं सर्वेक्षण केलं. उत्तर देणाऱ्यांत स्त्रिया होत्या ३ टक्के. हा आकडा बराच गाजला. मला त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा जास्त खुपतो. वाईट वागणूक स्वतःच्या वाट्याला आली असं सांगणारे १८ टक्के होते, पण ती दुसऱ्याच्या वाट्याला आलेली पाहिली असं सांगणारे ५० टक्के. आणि असं काही सोसलेल्या किंवा नुसतं पाहिलेल्या लोकांपैकी २१ टक्क्यांनी त्यापायी एखाद्या प्रकल्पात काम करणं थांबवलं होतं. म्हणजे आमच्या त्या मेंटेनरने एका माणसाला हाकललं असं आम्ही समजत होतो, तेव्हा ते उत्तर शांतपणे वाचून पाठ फिरवणारे आणखी किती जण होते हे आम्हाला कधीच कळणार नाही. गेलेला माणूस बग नोंदवून जात नाही. आणि जे उरले त्यांच्यातच गुणवत्ता मोजून आपण म्हणतो, पाहा, इथे गुणवत्तेलाच किंमत आहे.

कठोरपणाशिवाय दर्जा राहत नाही, असंही बजावून सांगितलं जातं. यासाठी लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, दाखला वर्षानुवर्षं दिला गेला. त्याचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांची तिखट उत्तरं दंतकथा होऊन बसली होती. कित्येक लहान प्रकल्पांतल्या लहान मेंटेनरांनी त्यांचं काम नाही, पण तोंड मात्र उचललं. २०१५ मध्ये कर्नलने एक 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' आणला. त्याचा एकूण सूर असा की इथे टीका होणारच, ती सोसायची तयारी ठेवा, अगदीच अपमान झाला तर सांगा. मग सप्टेंबर २०१८ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ बाजूला होऊन मदत घेणार असल्याचं लिहिलं, आणि त्याच सुमारास कर्नलने नवी आचारसंहिता स्वीकारली. तेव्हा किती आरडाओरडा झाला होता! कर्नल बुडणार, चांगले लोक निघून जाणार, यापुढे भावना सांभाळून कोड लिहावा लागणार. ऑक्टोबरमध्ये टॉरवाल्ड्स परतले. कर्नलच्या आवृत्त्या त्यानंतरही नऊ-दहा आठवड्यांनी येतच राहिल्या. वाईट पॅच तेव्हाही नाकारले जात होते, आजही जातात. 'हा पॅच चुकीचा आहे, कारण हे लॉक इथे धरलेलं नाही' हे वाक्य पूर्ण कठोर आहे, त्यात माणसाच्या अकलेचा उद्धार करायची गरज पडत नाही.

'पटत नसेल तर फोर्क करा', म्हणजे कोडची प्रत घेऊन आपला वेगळा प्रकल्प चालवा. हा आपला हुकमी एक्का. फोर्कचा हक्क मी कमी लेखत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमधला तो शेवटचा दरवाजा आहे आणि तो कायम उघडा राहिला पाहिजे. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या चॅट नेटवर्कच्या ताब्यावरून भांडण झालं तेव्हा तिथले स्वयंसेवक एका दिवसात बाहेर पडले, त्यांनी लिबेरा चॅट उभं केलं, आणि काही आठवड्यांत मोठमोठे प्रकल्प तिकडे गेले. पण ते जमलं कशामुळे? ज्यांच्या हाती यंत्रणा चालवण्याची विद्या होती, ज्यांना सगळे ओळखत होते, ते सगळे एकत्र निघाले म्हणून. आमच्याकडे तीन ओळींचा पॅच पाठवणाऱ्या माणसाने फोर्क करून काय करायचं होतं? कोड कॉपी करायला एक कमांड पुरते. प्रकल्पाचं नाव, डोमेन, डिजिटल सही करायच्या किल्ल्या, बगचा इतिहास, डिस्ट्रोंमधली (डेबियनसारख्या तयार प्रणालींमधली) जागा आणि लोकांच्या मनातली ओळख यांतलं काहीही त्या कमांडने मिळत नाही. एकट्या पडलेल्या माणसाला 'फोर्क कर' म्हणणं म्हणजे 'चालता हो' म्हणणं, फक्त शब्द तत्त्वज्ञानाचे.

समावेशाच्या चर्चेत जबाबदारीचा मुद्दा मागे पडतो याचं कारण आचारसंहिता बहुतेक वेळा वरून खाली पाहून लिहिलेली असते. नवख्याने काय करू नये हे त्यात तपशिलाने असतं. संस्थापकाने किंवा गाभ्याच्या टीमनेच ती मोडली तर पुढे काय, हे पान कोरं असतं. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या समाजात नोव्हेंबर २०२१ मध्ये याच कोऱ्या पानावर गाडी अडली. आचारसंहिता पाळली जाते ना हे पाहणाऱ्या मॉडरेशन टीमने एकगठ्ठा राजीनामा दिला. त्यांचं जाहीर म्हणणं एवढंच होतं की कोअर टीम स्वतःखेरीज कुणालाही उत्तरदायी राहिलेली नाही, त्यामुळे जे नियम बाकी सगळ्यांना लागू होतात ते तिला लागू करणं आम्हाला अशक्य झालं आहे. मूळ प्रकरण काय होतं ते त्यांनी उघड केलं नाही. तो संयम मला त्यांच्या राजीनाम्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. रस्टच्या लोकांनी पुढे दीड वर्ष खपून कारभाराची नवी रचना बसवली आणि २०२३ मध्ये कोअर टीमच्या जागी लीडरशिप कौन्सिल आलं. मॉडरेटरांचा हात नेतृत्वापर्यंत पोहोचावा आणि खुद्द मॉडरेटरांचं कामही तपासता यावं, अशी दोन्हीकडची सोय त्यात करावी लागली. हे सगळं लिहायला कंटाळवाणं असतं. संविधान लिहिण्यापेक्षा कंपायलर लिहिणं कुणालाही जास्त आवडेल. पण ते न लिहिण्याची किंमत त्यांनी मोजली होती.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं उदाहरण यापेक्षा दुखरं आहे, कारण ती संस्था आपल्या सगळ्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यासारखी. सप्टेंबर २०१९ मध्ये स्टॉलमन यांनी ईमेलमधल्या आपल्या विधानांवरून उठलेल्या वादळानंतर अध्यक्षपद आणि संचालकपद सोडलं. मार्च २०२१ मध्ये, फाउंडेशनच्याच वार्षिक परिषदेत, आपण संचालक मंडळावर परत आलो आहोत असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. परिषदेचे आयोजक, वक्ते, प्रायोजक यांपैकी कुणालाही ही गोष्ट आधी सांगितलेली नव्हती, हे फाउंडेशनलाच नंतर स्पष्ट करावं लागलं. मग दोन्ही बाजूंनी सह्यांच्या मोहिमा, हजारो नावं, रेड हॅटने निधी थांबवणं, वगैरे सगळं झालं. स्टॉलमन यांनी परत यायला हवं होतं की नाही यावर प्रामाणिक माणसांत मतभेद असू शकतात, आहेतही. पण ज्या संस्थेने आयुष्यभर जगाला 'आतलं काय चाललंय ते आम्हाला पाहू द्या' असं ठणकावलं, तिने आपला एवढा मोठा निर्णय बंद दाराआड का घेतला, कुठल्या कारणांनी घेतला, हे स्वतःच्या कर्मचाऱ्यांनाही आधी सांगू नये, यावर मतभेदाला जागा आहे असं मला वाटत नाही. विश्वासाला तडा निर्णयाने गेला त्याहून जास्त तो घेण्याच्या रीतीने गेला. पुढे मंडळाने नेमणुकीची पद्धत बदलायला घेतली, कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीला मंडळावर जागा दिली. ते आधी असतं तर त्या मार्चमधली निम्मी कटुता टळली असती.

त्याच वादात डेबियनने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. फाउंडेशनच्या विरोधात, बाजूने की मध्येच कुठेतरी, जाहीर भूमिका काय घ्यायची यावर तिथल्या डेव्हलपरांनी रीतसर मतदान घेतलं. पर्याय लिहिले गेले, दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, आणि एप्रिल २०२१ मध्ये निकाल लागला की डेबियन या विषयावर कुठलंच निवेदन काढणार नाही. मला वैयक्तिकरीत्या वेगळा निकाल आवडला असता. पण तो कसा लागला हे कुणालाही तपासता येत होतं, म्हणून तो स्वीकारणं जड गेलं नाही. खरी शिकवण मात्र त्यानंतर मिळाली. अशा ठरावांवर कुणी कसं मत दिलं हे डेबियनमध्ये तोपर्यंत नावासकट प्रसिद्ध व्हायचं. या वेळी मत दिल्याबद्दल बाहेरचे लोक त्रास देतील अशी धास्ती कित्येकांना वाटली. म्हणून २०२२ मध्ये त्यांनी आणखी एक मतदान घेतलं आणि यापुढे कुणी काय मत दिलं हे गुप्त ठेवायचं ठरवलं.

पारदर्शकतेचा झेंडा मिरवणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. आपल्यात एक भाबडी समजूत आहे की जितकं जास्त उघड तितका विश्वास जास्त. कार्यपद्धती उघडी हवी, निकषही उघडे हवेत, निर्णयाची कारणं आणि निर्णय घेणाऱ्यांची नावं सगळ्यांना कळायला हवीत. पण तक्रार करणाऱ्याचं नाव, मत देणाऱ्याचा कल, आरोप झालेल्याच्या खासगी आयुष्याचे तपशील हे उघड करून कुणाचाही विश्वास वाढत नाही. फक्त पुढची व्यक्ती तोंड उघडायला घाबरते. जो सत्ता वापरतो त्याच्यावर प्रकाश हवा. जो सत्तेपुढे उभा आहे त्याला थोडी सावली लागते.

आरोप झालेल्या माणसाबद्दलही बोललं पाहिजे, कारण आचारसंहितांना विरोध करणाऱ्यांची सर्वांत खरी भीती इथे आहे. उद्या कुणी माझं दहा वर्षांपूर्वीचं वाक्य उकरून काढेल, सह्या गोळा होतील, आणि माझी बाजू न ऐकता मला काढून टाकतील. ही भीती मी कधीच हसण्यावारी नेली नाही. झुंडीने केलेला निवाडा हा निवाडा नसतो, झुंड आपल्या बाजूची असली तरी. पण या भीतीवर नियमच नकोत हा उपाय कसा ठरतो ते मला कळत नाही. नियम नसतात तिथेच तर झुंडीचं फावतं. कार्यपद्धती लिहिलेली असेल, आरोप काय आहे हे त्या माणसाला नेमकं सांगितलं जात असेल, उत्तराला वेळ मिळत असेल, ऐकणाऱ्यांत त्याचे मित्र किंवा वैरी नसतील, शिक्षा चुकीच्या मानाने असेल, आणि वर अपील करता येत असेल, तर ते कवच तक्रारदाराइतकंच आरोपीचंही आहे. परत यायचा रस्ताही लिहिलेला हवा. कायमची हकालपट्टी सोडून दुसरी शिक्षाच माहीत नसलेल्या समाजात लोक एकतर काहीच करत नाहीत किंवा थेट घाव घालतात.

ही कसोटी सगळ्यांना सारखी लागू व्हावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या मेंटेनरांच्या यादीतून रशियाशी संबंधित डझनभर नावं काढली गेली. सोबत कारण एवढंच की वेगवेगळ्या कायदेशीर पूर्ततांसाठी हे करावं लागतं आहे. निर्बंधांचा कायदा पाळण्यावाचून गत्यंतर नसतं, हे मला मान्य आहे. कर्नल चालवणाऱ्या लोकांनी तो मोडून तुरुंगात जावं अशी अपेक्षा कुणी करू नये. तरीही ज्यांनी वर्षानुवर्षं एखादा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणारा कोड, सांभाळला, त्यांना कुठला नियम, कुठली यादी, परत यायला नेमकी कुठली कागदपत्रं, हे त्याच दिवशी स्वच्छ सांगता आलं असतं. खुलासे नंतर तुकड्यातुकड्यांनी आले. एरवी एका ओळीच्या बदलामागचं कारण तीन परिच्छेदांत मागणाऱ्या समाजात माणसांची नावं खोडताना एका वाक्यावर भागवलं गेलं, हे मला लागलं. ज्यांना कुठलीच राजकीय बाजू घ्यायची नव्हती अशा अनेकांनाही लागलं असेल.

आता विश्वास. समावेशावर शंका घेणारे हल्ली एक्सझेड प्रकरणाकडे बोट दाखवतात, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबतो. एक्सझेड ही फाइल लहान करणारी जुनी, गुमान काम करणारी प्रणाली, जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर असलेली. ती प्रामुख्याने एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२१ पासून 'जिया टॅन' नावाच्या खात्यावरून पॅच येऊ लागले. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी खाती त्या मेंटेनरच्या मागे लागली: पॅच पडून आहेत, तुमचं लक्ष नाही, दुसऱ्याच्या हाती द्या. आपली मानसिक प्रकृती बऱ्याच दिवसांपासून बरी नाही, आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे, असं त्या मेंटेनरने लिहून सांगितलं. दबाव थांबला नाही. हळूहळू जिया टॅनला हक्क मिळत गेले, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतून बॅकडोअर, म्हणजे आत शिरायची चोरवाट, बाहेर पडलं. २९ मार्च २०२४ ला डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते उघडकीला आणलं. एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरायला, नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्यावरून ते खोदत गेले होते.

यातून काढला जाणारा निष्कर्ष असा: पाहा, नवख्यांना दार उघडं ठेवलं की हे होतं. मी हे प्रकरण नेमकं उलटं वाचतो. त्या मेंटेनरला छळणारी भाषा आठवा. ती आपल्याला इतकी सवयीची होती की तो हल्ल्याचा भाग आहे अशी शंका कुणाला आली नाही. वापरणाऱ्याने फुकट राबणाऱ्याला झापणं हा जिथे रोजचा शिरस्ता आहे, तिथे हल्लेखोराला वेगळं काही शिकावं लागत नाही, तो गर्दीत मिसळून जातो. तिथे कुणी एकाने जरी 'या माणसाशी असं बोलू नका' म्हटलं असतं आणि त्याच्या मागे नियमाचं बळ असतं, तर त्या खात्यांचं हत्यारच बोथट झालं असतं. आचारसंहिता मेंटेनरचंही रक्षण करते, हे तिचे समर्थकसुद्धा पुरेसं बोलत नाहीत.

आणि विश्वास कशावर ठेवला गेला होता? दोन-अडीच वर्षांच्या गोड वागण्यावर. बॅकडोअर जागा करणारा तुकडा रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या उघड साठ्यात, नव्हताच, तो फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटण्यासाठी बांधलेल्या फाइलमध्ये, होता. टारबॉल एका माणसाने बनवला, सही केली, आणि रिपॉझिटरीतल्या कोडशी तो जुळतो का हे कुणी पाहिलं नाही. इथे खरं नाव मागून किंवा ओळखपत्र तपासून फारसा फरक पडला नसता. टोपणनावाने उत्तम काम करणारी कितीतरी माणसं आहेत, आणि त्यांतल्या काहींना टोपणनाव घ्यावंच लागतं, नाहीतर जगणं कठीण होईल. गरज होती ती दुसऱ्या डोळ्यांची: रिलीज कुणीही पुन्हा बिल्ड करून ताडून पाहावं, महत्त्वाच्या बदलावर दोघांची सही असावी, मेंटेनर थकला तर हाक मारायला कुणी असावं. म्हणजे पुन्हा तेच, बटण दाबणाऱ्याला विचारणारं कुणीतरी. फ्रॉइंड यांना ते पकडता आलं कारण आत डोकावायचा हक्क त्यांच्याकडे होता; परवान्यावर घालवलेल्या चाळीस वर्षांनी तिथे आपलं देणं फेडलं. डेबियनच्या सामाजिक करारात 'आम्ही अडचणी लपवणार नाही' असं वचन आहे. ते बगबद्दल आहे. ते माणसांच्या कारभारालाही लावलं पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

लहान प्रकल्पांना हे झेपणार नाही, असा आक्षेप मी स्वतः बरीच वर्षं घेत होतो. पाच जणांत कसली समिती आणि कसलं अपील? पायथनने २०१९ पासून पाच जणांचं निवडून आलेलं स्टीअरिंग कौन्सिल केलं, त्यात एकाच कंपनीचे दोनहून जास्त लोक असू शकत नाहीत असा नियम केला. ते मोठ्या प्रकल्पाला शोभतं. पण लहान प्रकल्पालाही एक पान लिहिता येतं. आम्ही ते लिहिलं. पॅच नाकारताना कारण द्यायचं, आणि ते कोडबद्दल असायला हवं. तक्रार आली तर ज्याच्याबद्दल आहे तो सोडून दोघांनी ऐकायची, त्यांतला एक आमच्यासारख्याच दुसऱ्या छोट्या प्रकल्पातला. आम्ही एकमेकांसाठी हे करायचं कबूल केलं. सात दिवसांत उत्तर, तीन आठवड्यांत निर्णय, कारणांसह. बिल्डची माहिती एकाच डोक्यात राहणार नाही, हा नियमही त्याच पानावर आहे, कारण आमचं तोंड कशामुळे बंद होतं हे आम्हाला ठाऊक होतं. तो जुना मेंटेनर या पानावरून चिडला, महिनाभर गप्प राहिला, मग त्यानेच बिल्डची टिपणं लिहायला घेतली. ती अठरा पानं भरली.

पहिली तक्रार गेल्या वर्षी आली. ती माझ्याविरुद्ध होती. एका रिव्ह्यूमध्ये मी 'हे आधीही सांगितलं आहे' असं तीनदा लिहिलं होतं, आणि पाठवणाऱ्याने दिलेलं उदाहरण न चालवताच पॅच परत केला होता. दोघांनी मला दोन प्रश्न विचारले: उदाहरण चालवलं होतं का, आणि आधी सांगितलं ते कुठे. पहिल्याचं उत्तर 'नाही' होतं. दुसऱ्यासाठी मी जुन्या नोंदी चाळत बसलो आणि लक्षात आलं की आधी सांगितलं होतं खरं, पण दुसऱ्याच कुणाला तरी. माझ्या उत्तराचा पहिला खर्डा सगळा सबबींनी भरला होता. तो मी पाठवला नाही. निर्णय आला, कारणांसह: दोन महिने माझ्या प्रत्येक रिव्ह्यूवर दुसऱ्याची नजर, आणि तो पॅच नव्याने तपासणं, माझ्याशिवाय. पॅचमध्ये एक चूक निघाली, ती मी सांगितली होती ती नव्हती. पाठवणाऱ्याने ती दुरुस्त केली आणि नंतर आणखी दोन पॅच पाठवले. त्यातला एक मर्ज झाला आहे, दुसरा अजून रिव्ह्यूच्या रांगेत आहे.